देवळालीचे गणितशिक्षक : द. रा. कापरेकर

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी नाशिकजवळच्या देवळालीत १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षे शाळामास्तर म्हणून काढली. ६१७४ ही संख्या आज जगभर ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणून ओळखली जाते ती त्यांच्यामुळे. पदव्युत्तर शिक्षण त्यांना लाभले नाही, विद्यापीठात त्यांना कधी जागा मिळाली नाही. तरी अंकांच्या गुणधर्मांवरचे त्यांचे लेखन अर्धशतकभर चालू राहिले. या लेखनाचा कच्चा माल पाहिला तर तो पाचवी-सहावीच्या वहीतला आहे : अंकांची बेरीज, चढता-उतरता क्रम, हातच्याची वजाबाकी, वर्ग, आवर्ती दशांश. त्यामुळे कापरेकरांची मास्तरकी एकीकडे आणि संशोधन दुसरीकडे अशी वाटणी करता येत नाही. त्यांच्या कामाचा मोठेपणा आणि त्याची मर्यादा, दोन्ही याच एका गोष्टीत आहेत.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला झाला. डहाणू तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. पालघर जिल्हा वेगळा झाला तो २०१४ साली. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. आठव्या वर्षी आई गेली, मुलाला वडिलांनीच वाढवले आणि त्यांच्याकडूनच त्याला आकडेमोडीची गोडी लागली. पत्रिका मांडायला खोल गणित लागत नाही, पण अंश, कला, विकला यांची बेरीज-वजाबाकी बिनचूक आणि झटपट करावी लागते. माध्यमिक शिक्षण ठाण्यात झाले. अंकांची कोडी सोडवत तासन्‌तास बसण्याची सवय याच काळात पक्की झाली. १९२३ साली ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गेले, १९२७ साली गणितातील स्वतंत्र कामासाठी रँग्लर परांजपे पारितोषिक त्यांना मिळाले, १९२९ साली ते मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले आणि पुढच्याच वर्षी देवळालीला नोकरीवर रुजू झाले.

डहाणू सोडले तर या आयुष्याची बहुतेक ठिकाणे एकाच लोहमार्गावर येतात. ठाण्याहून निघालेली गाडी डोंबिवली घेते, कल्याणला फाटा बदलून शहाडवरून कसाऱ्याकडे जाते, घाट चढून इगतपुरीला पोचते आणि पुढे देवळाली लागते. हा मार्ग तेव्हा ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा होता. याच रेल्वेवरच्या, मुंबईपासून तीस मैलांवरच्या एका स्टेशनात कापरेकरांना एक कल्पना सुचली आणि त्या स्टेशनाचे जुने नाव त्यांनी तिला देऊन टाकले : डेम्लो, म्हणजे आजची डोंबिवली. गाडीची वाट पाहण्याचा याहून चांगला उपयोग या मार्गावर दुसऱ्या कोणी केल्याचे ऐकिवात नाही.

डेम्लो संख्या म्हणजे १६५, १६६५, १६६६५ अशा घडणीच्या संख्या. डावीकडचा भाग आणि उजवीकडचा भाग यांची बेरीज केली की मधे पुन्हा पुन्हा येणारा अंक मिळतो. इथे १ आणि ५ मिळून ६. या कुळातल्या सर्वांत देखण्या संख्या फक्त १ हाच अंक असलेल्या संख्यांच्या वर्गातून निघतात. ११ चा वर्ग १२१, १११ चा वर्ग १२३२१, ११११ चा वर्ग १२३४३२१. गुणाकार उभ्या मांडणीत लिहिला की कारण डोळ्यांना दिसते. १११ खाली १११, त्याखाली एक घर डावीकडे सरकलेला १११, त्याखाली आणखी एक घर सरकलेला. उजवीकडून स्तंभ मोजत गेले तर एक, दोन, तीन, दोन, एक. ही शिडी नऊ एकांपर्यंत चढते : १११११११११ चा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१. दहा एके घेतले की मधल्या स्तंभात दहा एके जमतात, हातचा डावीकडे जातो आणि उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. सुंदर आकृतिबंध नेमका कुठे आणि का मोडतो, हे मुलाला स्वतःच्या वहीत सापडते. हातच्याचा पाठ याहून चांगल्या रीतीने क्वचितच शिकवता येईल.

६१७४ ची गोष्ट सर्वांत प्रसिद्ध आहे. कापरेकरांना तिचा शोध १९४६ साली लागला, १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी तो मांडला आणि पुढे अमेरिकेतील ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ या नियतकालिकातून तो प्रसिद्ध झाला. कृती अशी : कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, मात्र चारही अंक सारखे नसावेत. तिचे अंक उतरत्या क्रमाने लिहावेत, त्यातून तेच अंक चढत्या क्रमाने लिहून वजा करावेत आणि आलेल्या उत्तरावर पुन्हा हीच कृती करावी. रेल्वे कल्याणला पोचली ते साल घेऊ, १८५४. मग ८५४१ वजा १४५८ म्हणजे ७०८३. पुढे ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. पुढे ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. आता ७६४१ मधून १४६७ वजा केले तर पुन्हा ६१७४, आणि मग यातून सुटका नाही. कुठूनही निघाले तरी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत हाच मुक्काम येतो.

या कृतीत शिक्षकाच्या कामाच्या तीन गोष्टी दडल्या आहेत. पहिली शून्याची. २१११ घेतले तर २१११ वजा १११२ म्हणजे ९९९. इथे पुढचे शून्य गाळले तर पुढच्या पायरीत ९९९ मधून ९९९ जातात आणि खेळ शून्यावर संपतो. ते शून्य जपून ०९९९ लिहिले तर ९९९०, त्यातून ०९९९ जाऊन ८९९१, मग ८०८२, मग ८५३२ आणि अखेर ६१७४. डावीकडच्या शून्याला किंमत नसते असे वर्गात सांगितलेले असते. त्याची जागा मात्र राखावी लागते, हे इथे मुलाला चांगलेच जाणवते.

दुसरी गोष्ट ताळ्याची. एकाच अंकांच्या दोन मांडण्यांची वजाबाकी नेहमी नवाच्या पटीत येते, म्हणून प्रत्येक उत्तराच्या अंकांची बेरीज ९, १८ किंवा २७ असलीच पाहिजे. ६, १, ७ आणि ४ यांची बेरीज १८. उत्तर नवाच्या ताळ्याला उतरले नाही तर हातचा कुठेतरी चुकला आहे, हे मुलाला त्याचे त्यालाच कळते. पन्नास वह्या तपासण्याचा शिक्षकाचा भार त्यामुळे कमी होतो आणि वजाबाकीच्या पंचवीस उदाहरणांचा कंटाळवाणा सराव मुले आपण होऊन करतात.

तिसरी गोष्ट सिद्धतेची, आणि ती आठवीच्या बीजगणितात बसते. मोठ्यापासून लहानाकडे चार अंक अ, ब, क, ड असे मानले तर वजाबाकीचे उत्तर ९९९ × (अ − ड) + ९० × (ब − क) इतकेच असते. म्हणजे चार अंकांचे पुढे काही चालत नाही, चालते फक्त दोन फरकांचे : टोकांचा फरक आणि मधल्यांचा फरक. टोकांचा फरक १ ते ९ असू शकतो आणि मधला फरक त्याहून मोठा असू शकत नाही. मोजले तर अशा जोड्या फक्त ५४ भरतात. हजारो संख्यांचा प्रश्न एका वर्गाच्या हजेरीपटाएवढा उरतो. प्रत्येक मुलाने एकेक जोडी तपासली तर एका तासिकेत संपूर्ण वर्ग मिळून सिद्धता पुरी करू शकतो. फारसे डोके न चालवता सगळ्या शक्यता तपासून संपवणे हीही सिद्धताच असते, आणि शाळेच्या पुस्तकांत तिला मिळायला हवी तेवढी जागा मिळत नाही.

साहजिकच मुले पुढचा प्रश्न विचारतात : इतर अंकसंख्यांचे काय? तीन अंकांना ४९५ हा मुक्काम आहे. दोन अंकांना मुक्कामच नाही. ९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ९ असे चक्र चालू राहते. पाच अंकांतही एकच स्थिरांक नाही, तिथे तीन वेगवेगळी चक्रे आहेत. त्यांतले सर्वांत छोटे दोन संख्यांचे : ५३९५५ वरून ५९९९४ आणि ५९९९४ वरून परत ५३९५५. चार अंकांत जे घडते ते सगळीकडे घडेल, हा अंदाज पाचव्या अंकाला कोसळतो.

कापरेकरांचे स्वतःचे मन मात्र ६१७४ पेक्षा ‘स्वयंभू’ संख्यांत अधिक रमलेले दिसते. कोणत्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या जन्मते. २१ मध्ये २ आणि १ मिळवले की २४. म्हणून २१ हा २४ चा जनक. काही संख्यांना दोन जनक असतात. १०१ ही अशी सर्वांत लहान संख्या, कारण ती ९१ पासूनही मिळते आणि १०० पासूनही. काहींना जनकच नसतो : १, ३, ५, ७, ९, मग २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७. या स्वयंभू. त्यांना कापरेकरांनी आधी ‘देवळाली संख्या’ असेही म्हटले होते. एका गावाला डोंबिवलीच्या बरोबरीने गणितात नेऊन बसवण्याचा हा प्रयत्न होता. ते नाव पुढे टिकले नाही.

एखादी संख्या स्वयंभू आहे की नाही, हे तपासायला पुन्हा नवाचा ताळाच कामी येतो. उदाहरणार्थ १९३०, कापरेकर देवळालीला लागले ते साल. चार अंकांची बेरीज ३६ च्या वर जात नाही, म्हणून जनक असलाच तर तो १८९४ च्या अलीकडे सापडायला हवा. १९३० ला नवाने भागून बाकी ४ उरते. संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज यांची नवाने येणारी बाकी सारखीच असते, म्हणजे जनकाची बाकी दुप्पट होऊन ४ झाली पाहिजे. ती २ च असणार. १८९४ ते १९३० मध्ये अशा चारच संख्या आहेत. १९०१ पासून १९१२ मिळतो, १९१० पासून १९२१, १९१९ पासून १९३९, १९२८ पासून १९४८. १९३० कुणाकडूनच मिळत नाही, म्हणजे ती स्वयंभू. त्यांनी स्वयंभू संख्यांवरचे आपले पुस्तक देवळालीत स्वखर्चाने छापले ते १९६३ साल. तेही याच रीतीने तपासले तर स्वयंभूच निघते. त्यांचे जन्मसाल १९०५ मात्र नाही. १८८४ त्याचा जनक आहे.

‘कापरेकर संख्या’ हा आणखी एक गट. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ म्हणजे पुन्हा ४५. ५५ चा वर्ग ३०२५, त्याचे ३० आणि २५. २९७ चा वर्ग ८८२०९, त्याचे ८८ आणि २०९. ७०३ चा वर्ग ४९४२०९, त्याचे ४९४ आणि २०९. १९५० साली कापरेकरांनी आवर्ती दशांशांच्या चक्रांवर एक पुस्तिका काढली होती. एक सप्तमांशाच्या दशांशात पुन्हा पुन्हा येणारे १४२८५७ हे अंक सातवीच्या मुलालाही ओळखीचे असतात. या संख्येचा वर्ग २०४०८१२२४४९, आणि २०४०८ अधिक १२२४४९ म्हणजे नेमके १४२८५७. दोन निरनिराळ्या वह्यांतली टिपणे एकाच पानावर यावीत असा हा प्रकार आहे. याशिवाय आपल्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्यांना त्यांनी ‘हर्षद’ म्हटले. उदाहरणार्थ १७२९ हर्षद आहे : अंकांची बेरीज १९, आणि १९ गुणिले ९१ बरोबर १७२९. १९७३ साली कोपर्निकसच्या जन्माला पाचशे वर्षे झाली तेव्हा कापरेकरांनी त्याच्या नावाने जादूचे चौरसही रचले.

शिक्षक म्हणून ते विद्यार्थ्यांत प्रिय होते. त्यांची शिकवण्याची रीत इतरांपेक्षा वेगळी होती आणि तिच्याविषयी बोलण्यासाठी आसपासच्या महाविद्यालयांतून त्यांना बोलावणी येत. सायकलवरून गावोगाव फिरत ते शिकवण्या करीत, नदीकाठी बसून प्रमेयांचा विचार करीत. अंकांच्या बाबतीत आपली गत दारुड्यासारखी आहे, ती धुंदी उतरू नये असे वाटते, असे ते स्वतःच म्हणत. एखाद्या शाळामास्तराने निवडावी अशी ही उपमा नव्हे, पण तिच्यात प्रामाणिकपणा आहे.

व्यावसायिक गणिती मंडळींनी हे सारे फारसे मनावर घेतले नाही. अनेकांनी ते हसण्यावारी नेले. लेख कधी परत आले, कधी दुय्यम नियतकालिकांत छापले गेले. परिषदांना कापरेकर पदरमोड करून जात आणि अंकांवर बोलत. या उपेक्षेमागे एक भूमिका होती आणि ती सर्वांत स्पष्टपणे मांडली केंब्रिजच्या जी. एच. हार्डी यांनी, १९४० साली, ‘अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी’ या पुस्तकात. ८७१२ आणि ९८०१ या दोनच चार अंकी संख्या आपल्या उलट्या रूपाच्या पटीत असतात (८७१२ म्हणजे २१७८ ची चौपट, ९८०१ म्हणजे १०८९ ची नऊपट), ही माहिती हार्डींनी उदाहरणादाखल दिली आणि असल्या गोष्टी वर्तमानपत्री कोड्यांना शोभतात, गणितज्ञाला त्यात काही नाही, असा निकाल दिला. अशा गोष्टी दशमान लेखनावर अवलंबून असतात. लिहिण्याची पद्धत बदलली की त्या नाहीशा होतात. हा आक्षेप खरा आहे. ६१७४ ला दहाच्या पायाबाहेर काही स्थान नाही.

पण हाच आक्षेप शाळेच्या दृष्टीने उलटा वाचता येतो. अकरा-बारा वर्षांच्या मुलापुढे जे गणित असते ते दशमान लेखनाचेच असते. स्थानिक किंमत, हातचा, ताळा, बाकी हा त्याचा सारा मुलूख. त्या मुलखात अजून कुणी न पाहिलेली वाट असू शकते आणि ती शोधायला पाटी-पेन्सिल पुरते, हे दाखवणारा माणूस वर्गाला हार्डींपेक्षा अधिक उपयोगाचा. गंमत अशी की हार्डींनी बाजूला टाकलेली ९८०१ हा ९९ चा वर्ग आहे, आणि ९८ अधिक ०१ म्हणजे ९९; ९९ ही कापरेकर संख्याच ठरते.

मर्यादाही सांगितली पाहिजे. कापरेकर आकृतिबंध हुडकण्यात तरबेज होते; त्यांच्यामागची व्यापक सिद्धता शोधण्याकडे किंवा एका पायातून दुसऱ्या पायाकडे जाण्याकडे त्यांचा ओढा कमी होता. त्यांच्या पुस्तिकांत उदाहरणांची रेलचेल असते, निष्कर्षांची बांधणी सैल असते. त्यांना वेळेवर एखादा चांगला सहकारी लाभला असता तर कदाचित ही उणीव भरून निघाली असती.

१९६२ मध्ये ते निवृत्त झाले तेव्हा विद्यापीठ अनुदान आयोगाने संशोधनासाठी त्यांना वार्षिक अनुदान दिले. पेन्शन अपुरी होती. १९६६ साली पत्नीचे निधन झाले, आणि त्यानंतर गुजराणीसाठी गणित आणि विज्ञानाच्या खाजगी शिकवण्या त्यांना करीत राहाव्या लागल्या. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या सदरात कापरेकर आणि त्यांच्या स्वयंभू संख्यांविषयी लिहिले. कापरेकर तेव्हा सत्तर वर्षांचे होते. या लेखानंतर त्यांचे नाव जगभर पोचले आणि देशातही त्यांच्याकडे वेगळ्या नजरेने पाहिले जाऊ लागले. १९८६ साली देवळालीतच त्यांचा मृत्यू झाला.

नावांच्या बाबतीत त्यांची कमाई अर्धीच टिकली. स्वयंभू संख्यांना काही ठिकाणी ‘कोलंबियन संख्या’ म्हणतात, कारण १९७४ च्या सुमारास कोलंबियाच्या बर्नार्डो रेकामान यांनी त्याच कल्पनेचा प्रश्न अमेरिकन नियतकालिकात विचारला. हर्षद संख्यांना १९७७ मधील एका व्याख्यानावरून आयव्हन निव्हेन यांचेही नाव चिकटले आहे. ६१७४ मात्र कापरेकरांचीच राहिली आणि संगणकाची भाषा शिकणाऱ्या मुलांना आज ती पहिल्या काही उदाहरणांतच भेटते.

कापरेकर संख्यांचे मूळही अखेर सापडले. २००० साली डग्लस यान्नुची यांनी दाखवले की त्या ९, ९९, ९९९ अशा संख्यांच्या विशिष्ट विभाजकांशी बांधलेल्या आहेत. त्यामुळे त्या साऱ्या शोधून काढण्याची रीत हाती आली. हीच व्याख्या दोनच्या पायात नेली तर ६, २८, ४९६ अशी प्रत्येक सम परिपूर्ण संख्या कापरेकर संख्या ठरते, असेही त्यांनी सिद्ध केले. परिपूर्ण संख्यांचा अभ्यास युक्लिडपासून चालत आलेला आहे. २८ चे उदाहरण नेहमीच्या दशमान आकड्यांतही पडताळता येते : २८ चा वर्ग ७८४, तो ६४ ने भागला (म्हणजे दोनच्या पायात त्याचे शेवटचे सहा अंक वेगळे केले) की भागाकार १२ आणि बाकी १६, आणि या दोहोंची बेरीज २८.